गोविंदभाऊंचा शेवटचा डबा

गोविंदभाऊंनी पहिल्याच भेटीत माझा हात धरला आणि त्यावर आपला दुपट्टा टाकला. मूल गावच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू होऊन मला जेमतेम दोन दिवस झाले होते. ट्रंकसुद्धा धड उघडली नव्हती. शेजारचे गृहस्थ चौकशीला आले, पाणी प्यायले, गाव कोणतं, लग्न झालं का, जेवणाची सोय कुठं केली, असं सगळं रीतसर विचारून झालं आणि मग एकाएकी हे. दुपट्ट्याखाली त्यांनी माझी दोन बोटं दाबली. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते वर कौलांकडे पाहत होते. थोड्या वेळानं त्यांनी तिसरं बोटही दाबलं, पण फार जिवावर आल्यासारखं. गावातले वैद्य असावेत आणि नाडी बघत असावेत असं समजून मी त्यांना जीभ काढून दाखवली.

"जीभ काऊन दाखवून राह्यले जी?" ते म्हणाले. "तीन आणे म्हनलं मी."

खुलासा असा झाला की माझ्या टेबलावर चिरुटाची एक रिकामी लाकडी पेटी होती. मी तिच्यात टाक आणि निबा ठेवत असे. ती त्यांना हवी होती. मी म्हणालो, अहो, तशीच घेऊन जा. यावर त्यांचा चेहरा इतका पडला की माझ्या तोंडून काही भलतंसलतं तर गेलं नाही ना, असं मला वाटलं. शेवटी मी त्यांची चार बोटं दाबली, त्यांनी माझी पुन्हा तीन दाबली, असं बराच वेळ चाललं आणि साडेतीन आण्यांना पेटी गेली. अर्धं बोट कसं दाबतात ते मला त्या दिवशी कळलं. भाऊ इतके खूश होऊन गेले की संध्याकाळी त्यांच्या घरून माझ्यासाठी भरल्या वांग्यांची वाटी आली.

भाऊंचे वडील बैलबाजारात दलाल होते. बैलाचा भाव चारचौघांत तोंडानं बोलायचा नसतो. दुपट्ट्याखाली हात घालायचे आणि बोटांनी बोलायचं. एक बोट म्हणजे एक, मूठ म्हणजे पाच, आणि ते पाच की पन्नास हे बैलाकडे पाहून दोघांनाही समजतं. भोवती कितीही बघे उभे असोत, भाव दोघांतच राहतो. सौदा जमला की घेणारा इसार देतो. रुपयाच का होईना, पण इसार हातावर पडला की बैल बांधला गेला. मग तो दुसऱ्या कुणाला विकायचा नाही आणि पुढच्या बाजाराला आणून द्यायचा म्हणजे द्यायचा. भाऊ बैलांच्या धंद्यात पडले नाहीत, ते राइस मिलमध्ये दिवाणजी झाले. पण हात वडिलांचा आणि दुपट्टाही वडिलांचाच. काळा कोट, काळी टोपी आणि कोटावर तो पिवळट दुपट्टा, अशा थाटात ते मिलमध्ये जात, बाजारात जात आणि लग्नाच्या पंगतीतही बसत. कुणी कशाचाही भाव सांगितला की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "थांबा जरा. उतरते." पुढे पुढे त्यांना या वाक्याची अशी सवय झाली की माझ्या तापाला, नदीच्या पुराला आणि हेडमास्तरांच्या रागालाही ते हेच म्हणत.

आता या माणसाला बैल नको, शेत नको, सोनं नको. त्याला हवे होते मालगाडीचे डबे. खरे नव्हेत, वीतभर लांबीचे.

इंग्रज साहेब लोक निघून जात होते त्या दिवसांतली गोष्ट. आलापल्लीला एका जंगलखात्याच्या साहेबाच्या घरातल्या सामानाचा लिलाव होता. मिलच्या मालकांनी भाऊंना दोन गॅसबत्त्या आणायला पाठवलं. भाऊ एक गॅसबत्ती आणि एक चपटी पुठ्ठ्याची पेटी घेऊन परतले. पेटीवर उघड्या मालडब्याचं रंगीत चित्र होतं आणि आत तोच डबा सुट्या भागांत होता. लाकडाचा तळ, जाड पुठ्ठ्याच्या बाजू, शिशाची चाकं, तारेचे आकडे. साहेबाच्या मुलानं ती पेटी उघडलीही नव्हती. मालक दुसऱ्या बत्तीबद्दल ओरडत राहिले आणि भाऊ त्यांना समजावत राहिले की आठ आण्यांत असली चीज मिळत नसते. भाऊंनी तो डबा खळ लावून जोडला, बोटानं ढकलला, आणि तो चालला. झालं. चांगला पंचेचाळिशीचा, दोन मुली गडचिरोलीकडे दिलेला माणूस त्या दिवसापासून कामातून गेला.

असे सुटे डबे इथं कुणी बनवत नव्हतं आणि परदेशातून खेळणी आणायला सरकारची आडकाठी होती. त्यामुळे जे काही मिळायचं ते साहेब लोकांच्या मागे राहिलेलं, जुन्या बाजारात आलेलं, नाहीतर एखाद्या दुकानाच्या माळ्यावर पडलेलं. भाऊंना नेमकं हेच आवडे. ताजा, छापील भावाचा माल त्यांच्या दृष्टीनं मालच नव्हता. पेटीचा कोपरा फाटलेला असावा, एखादं चाक हरवलेलं असावं, दुकानदाराला त्या वस्तूचा कंटाळा आलेला असावा, मग भाऊंच्या चेहऱ्यावर तेज येई. हरवलेलं चाक ते सुताराकडून करून घेत आणि मोडलेला तळ चिरुटाच्या पेटीचा. माझी पेटी अशाच एका डब्याच्या पोटात गेली.

त्यांच्याबरोबर मी एकदा नागपूरला गेलो होतो. तिथल्या सदर भागात एका पारशी शेठजींचं खेळण्यांचं जुनं दुकान होतं. दारातच मोठी पाटी, भाव एकच. भाऊंनी ती पाटी कौतुकानं वाचली आणि आत शिरले. डबा समोरच्याच कपाटात होता. पण भाऊंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी बाहुली पाहिली, चेंडू पाहिला, कोपऱ्यात उभी केलेली शेठजींची छत्री पाहून तिचाही भाव विचारला. मग उठता उठता सहज, ते काय खोकं पडलं आहे, म्हणून बोट दाखवलं. शेठजींनी सहा रुपये सांगितले. भाऊ म्हणाले, "थांबा जरा," आणि दुपट्टा काढला. शेठजींचा गोरा, सुरकुतलेला हात दुपट्ट्याखाली गेला तेव्हा ते बिचारे इतके घाबरले की त्यांनी नोकराला हाक मारली. मी मध्ये पडून सगळा प्रकार समजावला. मग मात्र शेठजींना गंमत वाटू लागली. गिऱ्हाइकं येऊन ताटकळली, नोकर दोनदा चहा घेऊन आला, आणि शेठजी डोळे मिटून दुपट्ट्याखाली बोटं दाबत बसले. पुठ्ठ्याला उधळी, म्हणजे वाळवी, लागली होती म्हणून अखेर पावणेतीन रुपयांत जमलं. निघताना शेठजींनी भाऊंना पुन्हा यायचा आग्रह केला. पाटी जिथल्या तिथंच होती.

परतीच्या गाडीत मी हिशेब मांडला. जाण्यायेण्याचं भाडं, दोन वेळचं जेवण, टांगा, आणि वहिनींना राग येऊ नये म्हणून घेतलेलं लुगडं. मी म्हणालो, भाऊ, तुमचा डबा वीस रुपयांच्या वर गेला. भाऊंनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं.

"तो नागपूरचा खर्च हाय, मास्तर," ते म्हणाले. "डब्याचा भाव अलग."

घरी भाऊंनी धान्याच्या कोठ्यांवर एक लांब फळी टाकली होती. फळीवर त्यांची मालगाडी उभी असे. कुणी पाहायला आलं की ते डब्याचं नाव आधी सांगत नसत. हा चौदा आणेवाला, हा सव्वा रुपयावाला, हा पावणेतीनवाला, उधळीचा, अशी ओळख करून देत. उघड्या डब्यांत सागाच्या काटक्या भरलेल्या, एकात बांबूच्या कामट्या, बंद डब्यात खरे तांदूळ. ते तांदूळ वहिनी दर महिन्याला पाखडून परत भरत, कारण पोरकिडे डबे ओळखत नाहीत. या गाडीला इंजिन मात्र नव्हतं. इंजिनाचा भाव कधी उतरला नाही, हे खरं कारण. भाऊ सांगत ते वेगळं. इंजिन काय, कोणतंही ओढून नेतं, गाडी म्हणजे डबे, असं त्यांचं मत होतं.

ते त्यांनी सिद्धही करून दाखवलं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लहान पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून रांगेत आणून उभे करतात आणि पंच बक्षिसं देतात. त्या वर्षी त्या रांगेत, कमरेएवढ्या पोरांच्या मधोमध, काळा कोट घातलेले गोविंदभाऊ उभे होते. न्हाव्याच्या मुलाचा लाकडी नंदी त्यांनी तासाभरासाठी भाड्यानं आणला होता, अर्थात भाव उतरवून. नंदीच्या शिंगांना बेगड, गळ्यात घागरमाळ, आणि त्याच्यामागे दोरीनं जुंपलेली अख्खी मालगाडी. भाऊंनी दोरी ओढली आणि नंदी सागाचं लाकूड, बांबू आणि तांदूळ घेऊन मारुतीच्या देवळापुढून डुलत निघाला. पंचांनी बराच वेळ आपापसांत कुजबूज केली. हा बैल की ही रेल्वे, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी भाऊंना एक नारळ मिळाला आणि पोरांनी तो तिथंच फोडून खाल्ला.

त्या दिवशी बुधवार होता. आमच्या छोट्या लाइनीची मालगाडी दर बुधवारी मूलला येई आणि मिलच्या सायडिंगवरून तांदळाचे डबे जोडून घ्यायला तिला तास-दीड तास लागे. तेवढ्यात गाडीचे गार्ड ढोलाचा आवाज ऐकून पाहायला आले. मार्टिनसाहेब म्हणजे गोंदियात जन्मलेले अँग्लो-इंडियन, उन्हानं विटकरीसारखे झालेले, पोट पट्ट्याच्या बाहेर. नागभीडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये बायकोसह राहत. नंदीनं ओढलेली गाडी पाहून ते इतके हसले की त्यांना चबुतऱ्यावर बसावं लागलं. मग डोळे पुसून ते जवळ आले, गुडघे टेकून बसले आणि एकेक डबा निरखू लागले. हा आकडा उलटा लावला, या डब्याला असा रंग नसतो, या चाकाची कड झिजली आहे. भाऊ अवाक् होऊन ऐकत होते. इतक्या वर्षांत त्यांच्या डब्यांबद्दल एवढं बोलणारा माणूस त्यांना भेटला नव्हता. आम्ही सगळे फक्त हसत आलो होतो.

साहेब शेवटच्या डब्यापाशी थांबले. म्हणाले, "गोविंद, गार्ड का डिब्बा किधर है? इसके बिना ये गाडी नहीं, एक्सीडेंट है."

मालगाडीच्या शेवटी गार्डचा डबा असतो, हाताच्या ब्रेकचा, म्हणजे ब्रेकव्हॅन. तो भाऊंकडे नव्हता. आणि साहेबांनी हळूच सांगितलं की त्यांच्या ट्रंकेत तो आहे. त्यांनाही तरुणपणी हाच नाद होता. जोडलेले सगळे डबे बदल्यांमध्ये मोडले-हरवले, पण गार्डच्या डब्याची पेटी कोरी राहिली होती. विकणार का, असं भाऊंनी विचारलं नाही. त्यांनी दुपट्टा काढला.

साहेबांनी वीस दाबले. भाऊंनी तीन.

मग ते सुरू झालं. दर बुधवारी मालगाडीची शिट्टी झाली की भाऊ मिलची वही मिटत, दुपट्टा झटकत आणि स्टेशनवर जात. साहेब ब्रेकव्हॅनमधून उतरून बाकावर बसलेले असत. दोघांचे हात दुपट्ट्याखाली जात. दुपट्टा मांजरीच्या पिल्लावर टाकल्यासारखा इकडेतिकडे हलत राही. साहेब आधी अनाडी होते, पण लवकरच इतके तयार झाले की भाऊंना घाम फोडू लागले. सौदा त्या दिवशी जमायचा नाहीच. मग हात बाहेर येत, चहा येई, आणि खरी बैठक त्यानंतर बसे. चाकांना तेल कोणतं, आकडा कोणत्या तारेचा, डब्याचा लाल रंग किती लाल, यावर दोघं असे भांडत की हमालांना वाटे मिलचा माल अडकला. इंजिन ड्रायव्हर शिट्टी फुंकून दमे. गाडी हलली की साहेब धावत जाऊन व्हॅनमध्ये चढत आणि पुढच्या बुधवारचा भाव बोटांनी दाखवत.

वर्षं गेली. साहेब वीसवरून पंधरावर आले, बारावर, दहावर. भाऊ तीनवरून चारवर, मग पाच, मग सहा. अख्ख्या मूलला हा भाव पाठ होता. शेवटी साहेब आठवर आणि भाऊ सातवर येऊन थांबले, आणि थांबले ते थांबलेच. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो एक रुपया जागचा हलला नाही. मिलचे हमाल येताजाता विचारत, "काऊन भाऊ, रुपया उतरला का?" भाऊ म्हणत, "थांबा जरा."

मला या असल्या चिकटपणाचा मनापासून वैताग येतो. मी एका बुधवारी स्टेशनवर गेलो आणि खिशातून रुपया काढून बाकावर ठेवला. म्हटलं, हा वरचा रुपया माझ्याकडून, आता डबा उचला आणि आम्हाला मोकळं करा. साहेबांनी रुपयाकडे पाहिलं, भाऊंनी साहेबांकडे पाहिलं. मग भाऊंनी तो रुपया उचलून माझ्या सदऱ्याच्या खिशात परत घातला आणि आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. वांग्याची वाटीही बंद झाली. मी वहिनींकडे तक्रार केली. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, दुसऱ्याच्या सौद्यात हात घालू नये मास्तर, हात चेंगरते.

नंतरच्या दिवाळीच्या सुमारास बाजारात एक भयंकर बातमी पसरली. गोविंदभाऊंनी वांगी सांगितल्या भावात घेतली. भाजीवालीनं दोन आणे म्हटलं आणि भाऊंनी दोन आणे दिले. दुपट्टा खांद्यावरच होता. भाजीवाली स्वतः वहिनींना येऊन विचारून गेली की भाऊंची तब्येत बरी आहे ना. वहिनींनी कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता.

कारण मला स्टेशनमास्तरांकडून कळलं. मार्टिनसाहेब निवृत्त होत होते. त्यांची मुलगी ऑस्ट्रेलियात होती आणि तिनं आईबापांना कायमचं बोलावून घेतलं होतं. एकच बुधवार उरला होता.

त्या बुधवारी शाळा सुटताच मी स्टेशनवर गेलो तर तिथं निम्मं गाव जमलं होतं. हमाल होते, चहावाला होता, भाजीवाली टोपली घेऊन आली होती. आज काय होणार हे सगळ्यांनाच माहीत होतं. भाऊ एक रुपया चढवणार आणि डबा घरी नेणार. वहिनींनी सकाळीच फळीच्या टोकावरची लोणच्याची बरणी हलवून नव्या डब्यासाठी जागा केली होती. मीही खूश होतो. एकदाची ती गाडी पुरी होईल आणि भाऊंच्या जिवाला चैन पडेल, असं मला वाटत होतं.

साहेबांनी पेटी आणली होती. कोरी, दोरा बांधलेली, झाकणावर लाल रंगाचा गार्डचा डबा. त्यांनी ती बाकावर मध्ये ठेवली. दोघं दोन बाजूंना बसले. भाऊंनी दुपट्टा टाकला.

दुपट्टा हलेना. खाली दोन हात आहेत एवढंच दिसत होतं. भाऊ लाइनीकडे पाहत होते आणि साहेब आपल्या बुटांकडे. हमालांमधली कुजबूज थांबली. तिकडे डबे जोडल्याचा धक्क्याचा आवाज आला तरी दोघं तसेच. मग एकदाचा दुपट्टा थोडा हलला, पुन्हा हलला, जोरात हलला, आणि साहेबांनी हात बाहेर ओढला. बैलबाजारातले सगळे नियम मोडून ते माझ्याकडे वळून मोठ्यानं बोलले.

"मास्तरजी, इसको समझाओ. मैं सात बोल रहा हूँ. ये आठ दबा रहा है."

"मालाचा भाव आठच हाय," भाऊ म्हणाले. "इतले वर्सं पाहून राह्यलो, मले मालूम नाई का?"

म्हणजे रुपया तिथंच होता, फक्त दोघांनी जागा बदलल्या होत्या. चहावाला हसायला गेला आणि मध्येच थांबला. साहेब सातच्या वर एक पैसा घ्यायला तयार नव्हते आणि भाऊ आठच्या खाली यायला. पाच-सहा वर्षं ज्यांनी एकमेकांना सोडलं नव्हतं ते दोघं आता हट्टानं एकमेकांना सूट देत होते. ड्रायव्हरनं शिट्टी दिली. स्टेशनमास्तर घड्याळ दाखवत आले.

भाऊ उठले. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक रुपया काढला, साहेबांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं आपल्या हातानं मिटली.

"इसार," ते म्हणाले. "आठात सौदा झाला. उरलेले सात, डबा द्यान तवा."

साहेबांनी पेटी उचलून त्यांच्यापुढे धरली. भाऊंनी ती घेतली, व्हॅनपर्यंत नेली आणि आत साहेबांच्या बाकड्यावर नीट ठेवून दिली. आम्ही सगळे पाहतच राहिलो.

"गोविंद, मैं जहाज से जा रहा हूँ," साहेब म्हणाले. "वापस नहीं आना है."

"इसार घेतला ना जी? आता तो दुसऱ्या कोनाले देता येत नाई. आनून द्या लागन."

साहेबांना इतक्या वर्षांत बाजाराचा कायदा चांगला कळला होता. त्यांनी मुठीतल्या रुपयाकडे पाहिलं. मग तो युनिफॉर्मच्या वरच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं. गाडी हलली. ते व्हॅनमध्ये चढले आणि त्यांनी हिरवा बावटा दाखवला. गाडी वळणावर जाईपर्यंत तो बावटा बाहेरच होता.

गावानं भाऊंना सोडलं नाही. एक हमाल म्हणाला, रुपयाही गेला आणि डबाही गेला. भाजीवालीनं डोक्याला बोट लावून दाखवलं. इतक्या वर्षांत कुणाला एक आणा जास्त न दिलेला माणूस अखेर स्वतःहून बुडाला, हे पाहून बऱ्याच जणांना बरं वाटलं असावं. मला मात्र राग आला होता. घरी जाताना वाटेत मी त्यांना फैलावर घेतलं. हातात आलेली, वर्षानुवर्षं वाट पाहिलेली वस्तू, पैसे खिशात तयार, आणि हा काय खुळेपणा.

भाऊ शांतपणे चालत होते. दुपट्टा त्यांनी घडी करून हातात घेतला होता.

"मास्तर," ते म्हणाले, "घरी आनला असता त मी तो दोन दिवसात जोडून टाकला असता. मंग त्याईचं न् माजं काय रायलं असतं?"

एवढी वर्षं हा माणूस डब्याच्या मागे आहे असंच मी समजत होतो, आणि आता मला त्याच्याबद्दल अशी माया वाटली की मी वाटेत त्याचा दंड धरला. भाऊंना ते विचित्र वाटलं असणार, कारण हातावर दुपट्टा नव्हता.

घरी वहिनी दारातच होत्या. त्यांनी आधी भाऊंच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी मान हलवली आणि स्टेशनवर घडलेलं थोडक्यात सांगितलं. भाऊ आत जाऊन खाटेवर बसले आणि जोडे काढू लागले. वहिनींनी खाली ठेवलेली लोणच्याची बरणी उचलली. आता ती परत फळीच्या टोकाला जाणार, असं मला वाटलं. जागेची त्या घरात नेहमीच ओढाताण असे. वहिनी बरणी घेऊन क्षणभर फळीपाशी उभ्या राहिल्या. मग त्यांनी ती चुलीजवळ कोपऱ्यात नेऊन ठेवली, परत आल्या आणि शेवटच्या डब्यामागची ती वीतभर जागा पदरानं पुसू लागल्या.

"साहेब येतवरी," त्या मला हळूच म्हणाल्या, "धूळ नोको बसाले."